मालकीणबाईंवर दावा

माझ्या बायकोनं मला पहिल्यांदा "अरे" म्हटलं तेव्हा आम्ही दोघं अठराव्या शतकात होतो.

आमच्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली, मुलगी युनिव्हर्सिटीत जायला लागली, तरी घरात मी तिला "अहो"च आहे. तिचं माहेर नागपूरचं. तिथं नवऱ्याला अहो म्हणून मनसोक्त झापता येतं, पण अरे म्हणायची पद्धत नाही. निदान तिच्या घरात नव्हती. त्या दिवशी मात्र ती पांढरी झालरीची टोपी आणि घोट्यापर्यंतचा जाड झगा घालून पावाच्या भट्टीसमोर उभी होती, आणि मी गुडघ्याशी संपणारी विजार नि त्याखाली बायकी वाटणारे लांब मोजे घालून, लाकडांचा भारा छातीशी धरून दारात. भोवती वीसेक माणसं फोन उगारून पाहत होती. ती म्हणाली, "अरे ए, काहून उभा आहेस तिथं? लाकडं काय मी येऊन घेऊ?"

लोकांना शब्द कळले नाहीत, सूर कळला. सगळे हसले. एक आजी तर टाळ्या वाजवत म्हणाल्या, "किती खरं वाटतं!"

आम्ही राहतो कॅनडात. तिथून तासाभराच्या अंतरावर एक जुनं गाव जपून ठेवलेलं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी इथं आलेल्या लोकांची घरं कुठून कुठून उचलून आणून तिथं मांडली आहेत. लोहाराचं दुकान आहे, पिंपं बनवणाऱ्याचं आहे, छापखाना आहे आणि पाव भाजायची विटांची भट्टी आहे. उन्हाळ्यात वीकेंडला माणसं तिकीट काढून येतात आणि आमच्यासारखे व्हॉलंटियर तिथं जुने कपडे घालून जुनी कामं करतात. बायको तिथं दोन उन्हाळ्यांपासून जात होती. आठवडाभर दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचे आणि शनिवार-रविवार भट्टी पेटवायची. तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई लेकीकडे विनिपेगला राहायला गेल्या, जाताना आंबवलेल्या पिठाचं विरजण आणि भट्टी हिच्या हवाली करून गेल्या. तेव्हापासून ते विरजण आमच्या फ्रिजमध्ये असं जपलं जातं की आम्ही कुठं बाहेरगावी गेलो तर शेजारणीला मांजराइतक्याच सूचना त्याच्याबद्दल दिल्या जातात. आम्हाला मांजर नाही.

मी त्यात पडलो तो नोकरी गेल्यावर. टेलिकॉम कंपनीत मी इतकी वर्षं काढली होती की कॅफेटेरियातली माणसं मला बघून ट्रे भरायला लागत. वसंतात एका व्हिडिओ कॉलवर एका अनोळखी मुलीनं मला अतिशय प्रेमानं काढून टाकलं. लॅपटॉप परत पाठवायला तिनं खोकासुद्धा घरपोच केला. मग मी घरी बसलो. म्हणजे बसलो नाही, तीच तर अडचण झाली. मी घर सुधारायला घेतलं. मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली. ग्रोसरीची शीट बनवली. डिशवॉशरमध्ये कप कुठं, ताटं कुठं, याची आकृती काढून त्याच्या दारावर चिकटवली. बेसमेंटमधल्या सामानाला नंबर दिले. बायको एक संध्याकाळ ती आकृती बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, शनिवारी माझ्यासोबत चला. तिथं वर्तमानकाळ नाही, त्यामुळं तुम्हाला त्यात सुधारणा करता येणार नाही."

गावच्या संयोजिकेला मी पसंत पडलो. मालकिणीहून वयानं मोठा शिकाऊ तिला आजवर कुणी मिळाला नव्हता. पण त्याआधी एक भानगड निस्तरावी लागली. त्या काळात भट्टीची मालकीण बाई असायची ती बहुतेक वेळा नवरा गेल्यावर त्याचा धंदा चालवणारी विधवा. संयोजिकेनं मोठ्या उत्साहानं सांगितलं, "तुम्ही पाववाल्याची विधवा!"

"मी नाही होणार विधवा," बायको इंग्रजीत म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून मराठीत, "हे समोर धडधडीत उभे आहेत आणि मी विधवा? सांगा हिला."

"नाटक आहे गं."

"नाटकात तुम्ही मरा. मी मंगळसूत्र काढणार नाही."

शेवटी तोड निघाली. पाववाला मेला नाही, वरच्या मजल्यावर आजारी पडून आहे. मंगळसूत्र झग्याच्या आत राहिलं. म्हणजे मी एकाच वेळी वर अंथरुणाला खिळलेला मालक आणि खाली पाणी भरणारा नोकर असा दुहेरी कामाला लागलो. पाहुणे सहानुभूतीनं विचारत, "आता कसे आहेत तुमचे यजमान?" ती माझ्याकडे एक नजर टाकून म्हणे, "काही फरक नाही."

पहिल्याच दिवशी माझं करारपत्र झालं. पिसाच्या लेखणीनं सही करायची. त्या काळच्या कराराचाच मसुदा संयोजिकेनं वापरला होता. शिकाऊ सात वर्षं मालकाची सेवा करेल. त्याची गुपितं बाहेर फोडणार नाही. फासे खेळणार नाही, गुत्त्यात जाणार नाही, करार संपेपर्यंत लग्न करणार नाही. "याला फार उशीर झाला," मी म्हटलं. "मलाही," मालकीणबाई म्हणाल्या. त्या बदल्यात मालकानं काय करायचं, तर खायला, ल्यायला, झोपायला द्यायचं, आणि धंद्यातली सगळी कला आणि सगळं गूढ शिकवायचं.

ते शेवटचं कलम वाचून मी खरोखर हरखलो. लोकांना हसू येईल, पण खरं सांगतो. इतकी वर्षं मी जे केलं ते कधी पुरं झालेलं मी पाहिलं नाही. एकाचं काम दुसऱ्याकडे, त्याचं तिसऱ्याकडे, त्यावर चौथ्याची मीटिंग. मला एक पाव पाहिजे होता. पीठ मळण्यापासून भट्टीतून काढेपर्यंत माझ्या हातचा, आणि कुणीतरी तो समोर उभं राहून खाल्लेला. बस, एवढंच.

मला मिळालं पाणी. विहिरीवरून बादल्या आणायच्या. मग लाकडं. मग भट्टीतली राख. मग परातीएवढं लाकडी कुंड घासायचं. दुपारी पाव भट्टीत जायची वेळ झाली की मालकीणबाई मला अंगणात झाडायला पाठवत. लांब दांड्याचं एक लाकडी फावडं असतं, त्यावर पाव ठेवून तो आत सरकवतात. त्या फावड्याला मी हात लावला तरी तिला पाठीमागून कळे.

"ठेव ते."

"नुसतं बघत होतो."

"बघतात डोळ्यांनी."

मी दोन-तीनदा विचारलं, की भट्टी तापली हे तुला कळतं कसं? आत लाकडं जाळायची, निखारे बाहेर ओढायचे, ओल्या फडक्यानं तळ पुसायचा, हे सगळं मला पाठ झालं होतं. पण त्यानंतर ती आत हात घालायची, जराशी थांबायची आणि म्हणायची, "झाली." कधी म्हणायची, "नाही झाली." मधलं काय ते कुठंच दिसत नव्हतं.

"कळतं," ती म्हणे.

"पण कसं?"

"अंदाजानं."

आता मी इंजिनियर माणूस. अंदाज हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रिपोर्टमधून खोडत आलो. म्हणून मी एक दिवस घरातलं ते पिस्तुलासारखं थर्मामीटर, हिवाळ्यात खिडक्यांतून वारा कुठून येतो ते बघायला घेतलेलं, ॲप्रनमध्ये लपवून नेलं. मालकीणबाई पाहुण्यांना पिठाबद्दल सांगत होत्या, मी वाकून भट्टीवर नेम धरला. त्याच्या टोकातून लाल ठिपका पडतो हे मी विसरलो होतो. तो ठिपका विटांवरून फिरत फिरत मालकीणबाईंच्या टोपीवर आला.

"अय्या, तुमच्या डोक्यावर काय ते लाल?" एक पाहुणी किंचाळली.

बायको वळली. तिनं माझ्या हातातलं पिस्तूल बघितलं, पाहुण्यांकडे बघून छान हसली, आणि मराठीत म्हणाली, "अठराव्या शतकात बॅटरी कुठल्या दुकानात मिळते रे?" मग ते जप्त झालं. अजून तिच्याकडेच आहे. या हिवाळ्यात खिडक्यांतून वारा येतो तो आम्ही हातानं शोधतो.

घरी गेल्यावर मी मुलीकडे गाऱ्हाणं नेलं. ती उन्हाळ्यापुरती घरी आली होती, सोफ्यावर आडवी होऊन फोन बघत होती.

"बघ, तुझी आई मला काही शिकवत नाही. नुसतं राबवून घेते."

"बाबा, शी'ज युवर बॉस. डील विथ इट."

"करारात लिहिलंय शिकवायचं म्हणून."

"सो सू हर," ती फोनवरून डोळे न उचलता म्हणाली.

आणि बघा, तसंच झालं. सीझनच्या शेवटच्या रविवारी गावात मोठा कार्यक्रम असतो. संयोजिकेच्या डोक्यातून निघालं, की यंदा जुन्या काळच्या कोर्टाचा खेळ करू. त्या काळात शिकाऊ आणि मालक यांची भांडणं गावच्या न्यायाधीशासमोर जायची, ती लोकांना दाखवू. तिनं आम्हाला तशा तक्रारींचे नमुने सांगितले. कुणा शिकाऊची तक्रार, की मालक आंबलेलं चीज खायला घालतो. कुणाची, की लोहारकी शिकायला आलो आणि मुलं सांभाळतोय. कुणाला झोपायला कुत्र्यासोबत जागा. आणि मालकांच्या तक्रारी तर ऐकून घ्याव्यात: पोरगं झोपतं फार, खातं फार, पळून जातं, आणि पळालं नाही तर समोरच्या घरातल्या मुलीकडे बघत बसतं.

मला त्या शिकाऊंबद्दल एवढी आपुलकी वाटायला लागली की काय सांगू. मी हात वर केला. "फिर्यादी मी."

बायको म्हणाली, "काय तक्रार आहे तुझी?"

"कोर्टात सांगेन."

"बाप्पा!" ती म्हणाली. मग घराच्या दारात बूट काढताना "अहो, दूध संपलंय" म्हणून पुन्हा एकविसाव्या शतकात आली.

खेळाची संहिता संयोजिकेनंच लिहिली होती. मी रडायचं, मालकीणबाईंनी मला आळशी म्हणायचं, न्यायाधीशांनी मला खडसावून "जा, मालकिणीच्या आज्ञेत राहा" म्हणत परत पाठवायचं. पाच-सहा मिनिटांत संपवून मग सगळ्यांनी पाव खायला भट्टीकडे जायचं. न्यायाधीश होते एक निवृत्त भूगोलाचे मास्तर. भला माणूस. त्यांचा केसांचा टोप लोकरीचा होता आणि त्यातून बोलताना लोकर गळे, ती ते फुंकर मारून उडवत.

कोर्ट भरलं चर्चसमोरच्या मैदानात, गवताच्या पेंढ्यांवर लोक बसले. मुलगीही आली होती, पहिल्या रांगेत, हातात कॉफी. कुणीतरी घंटा वाजवली आणि मास्तरांनी मला विचारलं, "शिकाऊ, तुझी फिर्याद काय?"

संहितेत होतं: मला पोटभर खायला मिळत नाही. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"मालकीणबाई मला पाव भाजायला शिकवत नाहीत."

मास्तरांनी कागद बघितला. कागदावर तसं नव्हतं. पण शाळेत त्यांनी आयुष्य काढलेलं, अवांतर उत्तरांची त्यांना सवय असावी. "पुढं बोल," ते म्हणाले.

मी बोललो. पाणी, लाकडं, राख, सगळं सांगितलं. फावड्याला हात लावू देत नाहीत, भट्टी कधी तापली ते विचारलं तर "कळतं" म्हणतात, हे सांगितलं. लोक हसत होते, त्यामुळं मला जोर चढला. "करारात कला आणि गूढ दोन्ही लिहिलंय. कला अंगणातून थोडीफार दिसते. गूढ तर अजिबात नाही."

"मालकीणबाई," मास्तर म्हणाले, "यावर तुमचं काय उत्तर?"

बायकोनं संहितेतलं पहिलं वाक्य इंग्रजीत म्हटलं, "हा शिकाऊ आळशी आहे," आणि थांबली. टोपीची झालर तिनं कपाळावरून मागं ढकलली. तिचा चेहरा लाल झाला होता. मग ती मास्तरांकडे वळून सरळ मराठीत सुरू झाली.

"जज्जसाहेब, ह्यांची नोकरी गेली ना, तेव्हापासून हे माझ्या घरात साहेब होऊन राहिले. मिठाच्या डब्यावर 'मीठ' लिहिलं. मला मीठ ओळखू येत नाही? कप कसे ठेवायचे त्याचं चित्र काढून लावलं. ग्रोसरीच्या शीटमध्ये माझ्या नावासमोर लाल रंग येतो, का, तर मी कोथिंबीर दोनदा आणली. मला वाईट वाटत नाही असं नाही, नोकरी गेली, माणूस काय करेल. म्हणून मी काही बोलली नाही. पण ही एक भट्टी उरली आहे बाप्पा, जिथं मला कुणी विचारत नाही की असं का केलं. ह्यांना आज शिकवलं की पुढच्या वर्षी भट्टीवर चार्ट लागेल. आणि मग मीच माझ्या भट्टीवर शिकाऊ होईन. म्हणून नाही शिकवत. नाही म्हणजे नाही!"

मास्तरांनी लोकर फुंकली. "दुभाषी आहे का कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्यावरच्या आरोपांचं भाषांतर मलाच करायचं होतं. "मालकीणबाई म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं, "की शिकाऊ उत्साही आहे, आणि प्रशिक्षण योग्य वेळी द्यावं अशी त्यांची इच्छा—"

"दॅट्स नॉट व्हॉट शी सेड!" पहिल्या रांगेतून मुलगी ओरडली.

मुलीशी आम्ही जन्मापासून मराठी बोलतो, आणि ती जन्मापासून इंग्रजीत उत्तरं देते. आम्हाला वाटायचं, निम्मंच पोचतंय. ती कॉफी खाली ठेवून उभी राहिली आणि आईचं बोलणं तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मीठ सांगितलं. कप सांगितले. कोथिंबीर सांगितली. "मला वाईट वाटत नाही असं नाही" हे सांगताना ती जरा हळू झाली. आणि "बाप्पा" तसंच ठेवलं.

लोक आधी खूप हसले, मिठाला तर फारच. मग हळूहळू कमी हसले. माझ्या शेजारच्या पेंढ्यावरचा एक गृहस्थ आपल्या बायकोकडे अजिबात बघेना, त्यावरून त्याच्याही घरी लेबलं असावीत.

"शिकाऊ," मास्तर मऊ आवाजात म्हणाले, "तुला काही म्हणायचं आहे?"

मला पुष्कळ म्हणायचं होतं. लेबलांमागे काही कारणं होती, आकृतीमागे तर निश्चितच. पण तिच्याकडे बघितलं तर ती दोन्ही हात ॲप्रनमध्ये गुंडाळून उभी होती, जशी ती दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघताना उभी राहते, आणि मला त्यातलं एकही कारण आठवेना.

"चार्ट लावणार नाही," मी म्हटलं. "मला तिची भट्टी नको. एक पाव पाहिजे. मी आजवर जे बनवलं ते कुणी कधी चावून बघितलेलं नाही."

ते मी इंग्रजीत म्हटलं, आणि लोकांना तो विनोद वाटला. बायकोला वाटला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग खाली गवताकडे.

मास्तरांनी संहितेचा कागद घडी करून बाहीत सारला. निकाल त्यांनी स्वतःच्या मनानं दिला. एक, करार तो करार, मालकीणबाईंनी शिकवलंच पाहिजे, आणि ते आत्ता, या कोर्टासमोर. दुपारची एक खेप शिकाऊ भाजेल. दोन, शिकाऊनं कसलंही यंत्र, कागद, पेन्सिल जवळ बाळगायची नाही. आणि तीन, भट्टी तापली की नाही ते शिकाऊनं ठरवायचं; त्या वेळी मालकीणबाईंनी तोंड उघडलं तर त्यांना दंड म्हणून अंगण झाडावं लागेल.

लोक उठून भट्टीकडे धावले. पाच-सहा मिनिटांचा खेळ अर्ध्या तासावर गेला होता आणि संयोजिका घड्याळाकडे बघत होती, पण तिकीट काढून आलेली माणसं मधूनच उठायला तयार नव्हती.

पीठ सकाळीच मळून फुगत ठेवलं होतं. बायकोनं मला गोळे करायला दिले. "असं नाही. खालून ओढून घे. खालून, खालून. पोळीची कणीक आहे का ती?" मी ओढलं. माझे गोळे थोडे वेड्यावाकड्या बटाट्यांसारखे झाले, पण झाले. मी निखारे ओढले, तळ पुसला. मग ती आणि मी भट्टीच्या तोंडाशी वाकून उभे राहिलो, मागं सगळं गाव.

"हात घाल आत," ती हळूच म्हणाली. "तळाला लावू नकोस. नुसता घाल."

मी घातला. गरम होतं. भट्टी होती, गरम असणारच. "मग?"

"मग थांब."

"किती थांबू?"

"ते हाताला कळतं."

"माझ्या हाताला नाही कळत. नक्की काय होतं तुला? टोचतं? झणझणतं?"

तिनं टोपी नीट केली. मग म्हणाली, "खरं सांगू? मलाच माहीत नाही. माझी आई तव्यावर पाणी शिंपडायची आणि भाकरी टाकायची. मी शेजारी बसून पाहायची. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. एक दिवस मला यायला लागलं. त्या म्हाताऱ्या बाईंनी पण हात धरून आत घातला, बस. तू विचारतोस तेव्हा मला सांगताच येत नाही रे. मग राग येतो."

मला वाटत होतं ती गूढ दडवून ठेवते आहे. ती तर ते आहे कुठं, हेच शोधत होती.

"तू शेजारी उभी राहा," मी म्हटलं. "मी पाहतो."

"कुठं पाहून राहिला? भट्टीत पाहा."

मी भट्टीत पाहिलं. हात पुन्हा घातला, काढला, पुन्हा घातला. लोकांतलं कुणीतरी "आता, आता" म्हणालं. मी खूप गंभीरपणे जरा वेळ थांबलो, तज्ज्ञ माणसासारखं डोकं हलवलं आणि म्हटलं, "झाली."

बायकोनं ओठ घट्ट मिटले. तिच्या पायाची बोटं बुटांच्या आत हलली असणार, कारण ती अख्खी किंचित हलली. पण बोलली नाही. मला फावडं दिलं. स्वतःच्या हातानं, दांडा माझ्याकडे करून.

पाव आत सरकवायला मनगटाचा एक झटका लागतो. पहिला माझा गोळा फावड्यावरून गेलाच नाही. दुसरा फार गेला आणि मागच्या भिंतीला आपटला. तिसऱ्यापासून बरं जमलं. लाकडी झडप लावली आणि थोड्याच वेळात वास यायला लागला, खरपूस, सुंदर, आणि मग सुंदरच्या किंचित पुढचा.

झडप उघडली. वरून पाव तांबूस, उंच, एकदम पावासारखे. मी एक उलटा केला. खालची बाजू काळी कुळकुळीत होती.

"भट्टी जास्त तापली होती," मी म्हटलं.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"होतं ना."

"मग?"

"मला काय अंगण झाडायचं होतं?" मालकीणबाई म्हणाल्या, आणि मागं उभे असलेले मास्तर, ज्यांना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, त्यांनी पसंतीनं मान हलवली.

तिनं एकेक पाव उचलून खालून टिचकी मारली, कान लावून ऐकलं. दोन बाजूला काढले. तो भिंतीला आपटलेला आणि त्याच्या नात्यातला आणखी एक. बाकीच्यांचे काळे पापुद्रे चाकूनं खरवडले, जमतील तेवढे. बाहेरच्या लांब टेबलावर तिच्या सकाळच्या खेपेचे पाव ओळीनं मांडलेले होते, गोल, एकासारखे एक. ती माझे घेऊन गेली आणि त्यांच्या मधेमधे जागा करून ते ठेवू लागली. प्रत्येक ठेवताना तिनं काळी बाजू खाली केली. मग टेबलावरचं लोणी माझ्या पावांच्या जवळ सरकवलं, लोकांना "या, या" म्हणून हाक मारली, आणि मी फावडं हातात धरून तसाच उभा आहे बघून म्हणाली, "बघतोस काय? सुरी घे आणि काप. जाड काप, म्हणजे लोणी धरेल."